फोन कुणी उचलायचा

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून फोन आला, तोही क्लार्कच्या स्वतःच्या मोबाइलवरून. म्हणाला, "साहेब, बोर्ड खुळा झालाय. भाईरचा फोन आला की बंद खोलीत वाजतोय."

"कुठल्या बंद खोलीत?"

"मॅडमच्या. मॅडम मे महिन्यात रिटायर झाल्या न्हवं. खोलीला कुलूप. किल्ली जनरल ऑफिसला, आन् तिथला माणूस रजेवर."

काय झालं असणार ते मला कोल्हापुरात बसूनच दिसत होतं. २००४ साली तो ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरचे फोन आतल्या टेबलांवर वाटणारा बोर्ड, मीच बसवला होता. बाहेरून येणाऱ्या आठ ट्रंक लाइनींची सोय, आतली अठ्ठेचाळीस एक्स्टेंशन. असल्या बोर्डाच्या सीपीयू कार्डावर नाण्याएवढा एक सेल असतो. लाइट गेली तरी सेटिंग पुसलं जाऊ नये एवढंच त्याचं काम. अठरा वर्षांत तो कधीतरी मेला होता, पण बॅटऱ्या धडधाकट असेपर्यंत ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. मग बॅटऱ्याही फुगल्या. गणपतीत रात्रभर लाइट गेली, बोर्ड बंद पडला आणि सकाळी उठला तो खोक्यातून बाहेर काढल्या दिवशी होता तसा, कोरा. कोऱ्या बोर्डाला एकच गोष्ट माहीत असते: कुठल्याही लाइनीवर, कुठल्याही वेळी फोन आला की तो पहिल्या एक्स्टेंशनवर वाजवायचा. पहिलं एक्स्टेंशन म्हणजे २०१, ऑपरेटर. जगातल्या प्रत्येक कचेरीत दाराशी एक ऑपरेटर बसलेली असते, हे ते यंत्र जन्मतःच धरून चालतं.

बाहेरून फोन करणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याच्या कानात वाजणारी घंटा कारखान्याच्या बाजूचं एक्स्चेंज त्याला ऐकवत असतं. ती ट्रिंग-ट्रिंग ऐकून त्याला वाटतं, फोन व्यवस्थित वाजतोय, समोरची माणसंच माजलीत. गेला महिनाभर आजूबाजूच्या चाळीस-पन्नास गावांत कारखान्याविषयी हेच मत होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. ऑफ सीझनचा कारखाना म्हणजे लग्न उरकलेलं कार्यालय. मिल हाउसमध्ये रोलर उघडे पडलेले, कुठंतरी वेल्डिंगच्या ठिणग्या. ऑपरेटरच्या खोलीचं कुलूप शेवटी फोडावं लागलं. आत जुनी कॅलेंडरं, वार्षिक अहवालांचे गठ्ठे, टेबलावर काच, आणि काचेखाली काहीच नाही. तिथं एक कागद असायचा. तो जाताना त्यांनी नेला की साफसफाईत गेला, कोण जाणे. माझ्याकडेही प्रत नव्हती. बोर्ड बसवताना मी सेटिंगची नोंद करून ठेवली नव्हती, आणि ही चूक सर्वस्वी माझी. तेव्हा वाटलं होतं, लक्षात राहील.

भिंतीवर एमडीएफचं खोकं, बाहेरच्या आणि आतल्या तारा जोडायचं. त्यात क्रोन कंपनीची मॉड्युलं, दहा-दहा जोड्यांची, आणि जंपर वायरींचं जाळं. पांढरा-निळा, पांढरा-केशरी, पांढरा-हिरवा, पांढरा-तपकिरी, पांढरा-राखाडी. हा क्रम झोपेतून उठवलं तरी सांगीन. या धंद्यातला माणूस जंपरचं टोक दातानं सोलतो. तसं सोलू नये. शांत लाइनीवर ४८ व्होल्ट डीसी असतं, ते ओठाला फारसं जाणवत नाही. पण नेमका त्याच क्षणी फोन आला तर तारेवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतं, सेकंदाला २५ हेलकाव्यांनी, तेही आपल्या घंटेच्या तालात: दोनदा, मग दोन सेकंद विसावा, पुन्हा दोनदा. एकदा इचलकरंजीत मला अख्खा इनकमिंग कॉल दातांवर आला. कुणाचा होता ते कळलं नाही.

सेल बदलला, बॅटऱ्या बदलल्या. आता राहिलं सेटिंग. या बोर्डाला पडदा नाही. २०१चा रिसीव्हर उचलायचा, कोड दाबायचा, पासवर्ड दाबायचा, आणि मग सगळा कारभार बीपवर. लांब बीप म्हणजे घेतलं, तुटक बीप म्हणजे चुकलं. काय चुकलं ते सांगत नाही. इनकमिंगसाठी त्याला मोजून तीन गोष्टी हव्या असतात. लाइन कुठली, वेळ कुठली, एक्स्टेंशन कुठलं. वेळेचेही तीनच प्रकार: दिवस, रात्र आणि जेवणाची सुट्टी. या बोर्डाच्या लेखी चौथी वेळ नाही. हंगामात तीन पाळ्यांत चोवीस तास धडधडणाऱ्या कारखान्याची दिवस-रात्र कशी ठरवायची, हे ज्यानं त्याला ठरवायचं.

त्यापुढची पायरी म्हणजे हंटिंग: एक फोन लागलेला असला तर पुढच्यावर, तो लागलेला तर त्याच्या पुढच्यावर. आणि मग डिसा. डिसा म्हणजे बोर्डानंच फोन उचलायचा, रेकॉर्ड केलेला निरोप ऐकवायचा, आणि समोरच्यानं आकडा दाबला की तिकडे जोडून द्यायचा. दाबलाच नाही तर ठरावीक सेकंदांनी ऑपरेटरकडे. ही सोय २००४मध्येही होती. तेव्हा ती मी बंद ठेवली होती, कारण ऑपरेटर होत्या.

म्हणजे तांत्रिक काम एका दुपारचं. पण मला कुणीतरी सांगायला हवं होतं की फोन कुणी उचलायचा. त्यासाठी कॉन्फरन्स हॉलमध्ये बैठक बोलावली. चहा आला, बिस्किटं आली.

शेती अधिकारी म्हणाले, "आमच्याकडं डायरेक्ट नको. आधी कुणीतरी ऐकून घ्यावं, मग आमच्याकडं द्यावा." कुणीतरी म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. अकाउंट्सवाल्यांचं म्हणणं, ऊसबिलाची चौकशी गट ऑफिसला करायची असते, इथं नाही. चेअरमनसाहेबांचे पीए म्हणाले, सगळे फोन आधी माझ्याकडे येऊ देत, मी पुढे देईन. त्यावर तिघं एकदम हसले आणि पीए गप्प झाले. त्या हसण्यात जुनं काहीतरी असावं. एमडींनी घड्याळ बघितलं. "ऑटोमॅटिक करून टाका की. बँकेत असतंय तसं. एक दाबा, दोन दाबा."

"करतो साहेब. पण एक दाबल्यावर कुणाच्या टेबलावर वाजवू?"

त्यावर कुणी बोललं नाही.

माझ्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या धंद्यात हा क्षण दर ठिकाणी आलाय. पतसंस्था असो, शाळा असो, सूतगिरणी असो. आउटगोइंगला सगळे पुढे: मला एसटीडी पाहिजे, मला आयएसडी पाहिजे, माझ्या टेबलावर दोन फोन पाहिजेत. इनकमिंगचा तक्ता काढला की माणसं खुर्चीत मागे सरकतात. कारण त्या तक्त्यात नाव लागलं की बाहेरच्या माणसाला उत्तर द्यायला तुम्ही बांधले गेलात. संस्थेचा तो खरा नकाशा असतो आणि तो कागदावर आलेला कुणालाच नको असतो. शेवटी ठरलं ते असं: दिवसा डिसा, शेतीचे फोन शेती खात्यात, तिथल्या तीन टेबलांवर हंटिंग, रात्री सगळं मेन गेटच्या सिक्युरिटीकडे. सिक्युरिटीचं कुणी त्या बैठकीत नव्हतं.

बैठक आटोपली तरी माझं समाधान होईना. अठरा वर्षं हा बोर्ड विनातक्रार चालला होता तो माझ्या सेटिंगमुळे नव्हे, एवढं मला कळत होतं. टाइम ऑफिसच्या पोराला मागे बसवून रिटायर झालेल्या ऑपरेटर बाईंच्या घरी गेलो. कारखान्यापासून सहा किलोमीटरवर गाव.

बाई अंगणात शेंगा निवडत होत्या. मोबाइल कोनाड्यात, आवाज बंद करून पालथा ठेवलेला. आम्ही निघण्याआधी चार वेळा लावला होता, तो का उचलला नाही ते समजलं. मुलगा म्हणाला, "आई फोन उचलतच नाही." बाई म्हणाल्या, "छत्तीस वर्षं उचलला. आता वाजू दे की."

त्या १९८६ला लागल्या. तेव्हा कारखान्यात दोरीचा बोर्ड होता. लाइनीवर फोन आला की त्या लाइनीची झाकणी पडायची. मग एक दोरी त्या भोकात, दुसरी ज्याला द्यायचा त्याच्या भोकात, आणि मध्ये कळ दाबून "बोला" म्हणायचं. त्याच वर्षी, इथून बेळगाव ओलांडून गेलं की लागणाऱ्या कित्तूरला सी-डॉट या सरकारी टेलिफोन संशोधन संस्थेचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज सुरू झालं, १२८ पोर्टांचं. सी-डॉटची स्थापना १९८४ची, आणि टेलिफोनची यंत्रं बनवायला खासगी कारखान्यांना मोकळीक मिळाली तीही १९८४लाच. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक बोर्ड देशभर झाले. इथं दोरीचा बोर्ड गेला आणि सी-डॉटच्याच डिझाइनचा एक बोर्ड आला. तो काढून मी माझा बसवला. बाईंना तिन्ही बोर्ड सारखेच. "भोकं जाऊन बटनं आली एवढंच. येणारा माणूस तोच की हो."

मी वही काढली. म्हटलं, "मॅडम, कुठला फोन कुठं द्यायचा तेवढं सांगा. मी बोर्डात भरतो."

त्या हसल्या, पण सांगितलं. मी लिहीत गेलो आणि अर्ध्या पानानंतर लिहायचं थांबलो.

आवाज चढलेला असला की शेती खात्याला लगेच द्यायचा नाही. आधी आपण दोन मिनिटं ऐकायचं. निम्मा राग आपल्यावर निघतो, मग पुढं दिला की शेती अधिकारीही नीट बोलतो आणि शेतकरीही. मिल हाउसला फोन द्यायचाच नाही. तिथं मोठा बेल लावलेला आहे, पण हंगामात तो बेल आहे हे फक्त बेल लावणाऱ्याला माहीत. तिथल्या माणसाचं काम असलं तर सायकलवरून शिपाई पाठवायचा आणि फोन करणाऱ्याला सांगायचं, दहा मिनिटांनी पुन्हा लावा. अकाउंट्सचे साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणाले तर ते खुर्चीत आहेत, आणि जेवायला गेलेत म्हणाले तर खरंच जेवायला गेलेत. घरी कुणी गेल्याचा फोन आला तर त्या माणसाला फोनवर बोलवायचं नाही. शिपायाला सांगायचं, "घरी बोलावलंय म्हण, एवढंच," आणि गेटवर कुणाची तरी मोटरसायकल तयार ठेवायची.

आणि टोळ्या. हे मला अजिबात माहीत नव्हतं. बीडकडून, नगरकडून ऊसतोडीला टोळ्या येतात. मोबाइल हातोहाती यायच्या आधी त्यांच्या मागे गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे, पोरांकडे एकच नंबर असायचा: कारखान्याचा. एसटीडी बूथवरून फोन यायचा, मीटर पडत असायचं, आणि पलीकडून एक घाबरलेला आवाज एका श्वासात सांगायचा की अमक्या मुकादमाच्या टोळीतल्या तमक्याला सांगा, पोरगी बाळंत झाली. तो तमका त्या घटकेला कुठल्या शिवारात, कुणाच्या फडात असेल ते कारखान्यातही कुणी छातीठोक सांगू शकायचं नाही. बाई मुकादमाचं नाव लिहून घ्यायच्या, दुपारी शेती खात्याच्या रजिस्टरात ती टोळी कुठल्या गटात लागलीय ते बघायच्या, त्या गट ऑफिसला फोन करायच्या, तिथून तोडीच्या चिठ्ठ्या नेणारा चिठबॉय फडावर जाताना निरोप घेऊन जायचा. संध्याकाळी निरोप पोचला की नाही हेही विचारायच्या.

"हे कुणी करायला सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोण सांगतंय? फोन माझ्याकडं आला न्हवं?"

लाइन, वेळ, एक्स्टेंशन. माझ्या वहीत तीन रकाने आखलेले होते.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एकच फोन होता, किराणा दुकानात. गल्लीतल्या निम्म्या लग्नपत्रिकांवर तोच नंबर असायचा आणि पुढे पी. पी. अशी दोन अक्षरं. ती आली ट्रंक कॉलच्या जमान्यातून. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग यांच्याबरोबर पी. पी. कॉलही लावता यायचा. म्हणजे नंबराशी नव्हे, ठरावीक माणसाशी बोलायचं आणि तो माणूस फोनवर आला तरच बोलण्याचे पैसे. आमच्याकडे त्याचा अर्थ झाला होता 'शेजारी फोन आहे, बोलावतील'. बोलवायला पळायचो आम्ही पोरं. दुकानदार नुसता ओरडायचा, "आक्काचा फोन!" आणि कुठली आक्का ते आम्हाला बरोबर कळायचं, कारण पुण्याहून फोन यायचा तो एकाच आक्काला. आज त्याला मी राउटिंग म्हणतो आणि बिल करतो.

या धंद्याच्या मुळाशी ऑपरेटरविषयीचा संशय आहे. कॅन्सस सिटीत अल्मन स्ट्रॉजर नावाचा एक अंत्यविधीचं सामान पुरवणारा माणूस होता. त्याच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोन ऑपरेटर होती आणि याला येणारे फोन ती परस्पर नवऱ्याकडे जोडायची, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी कुणी तपासावी, पण ऑपरेटर मध्ये नकोच म्हणून त्यानं आपोआप जोडणी करणारं स्विच काढलं हे पक्कं. १० मार्च १८९१ला पेटंट मिळालं, आणि १८९२ला इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात तसलं पहिलं एक्स्चेंज चालू झालं. मृत्यूच्या बातमीचे फोन कुणाकडे जावेत यावरून हे सगळं सुरू झालं. बाईंना ही गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "बाई वाईट होती म्हणून सगळ्या बायका काढल्या व्हय?"

निघताना त्यांनी एक कामाची गोष्ट सांगितली. रेकॉर्डिंगमध्ये काय म्हणणार, असं विचारलं. मी म्हटलं, "शेती खात्यासाठी एक दाबा, हिशेब खात्यासाठी दोन दाबा..."

"बरोबर. आधी खातं म्हणा, मग आकडा. बँकेवाले आधी आकडा सांगतात. आपल्याला काय पाहिजे ते कळेस्तोवर आकडा इसरलेला असतोय."

मी कित्येक ठिकाणी उलटं रेकॉर्ड करून दिलंय. पैसेही घेतलेत.

आता लाइनींचं. २००४मध्ये सहा होत्या, तांब्याच्या, एका पायलट नंबरावर हंटिंगला, म्हणजे बाहेरच्यानं एकच नंबर लावायचा, सहांतली जी मोकळी त्या लाइनीवर फोन यायचा. रस्ता रुंदीकरणात तीन तुटल्या त्या तुटल्याच. उरलेल्या तीन फायबरच्या डब्यातून येतात, नंबर जुनेच. एमडींचा हिशेब सरळ होता: हल्ली सगळ्यांकडे मोबाइल आहेत, लाइनी निम्म्या झाल्या तर झाल्या. मी टाइम ऑफिसच्या पोराला दोन दिवस बाईंच्या खोलीत बसवून आलेल्या फोनांच्या रेघा मारायला लावल्या. सकाळी दहा ते अकरा हा सगळ्यात गर्दीचा तास. त्यात साठाच्या आसपास फोन, एकेक साधारण दोन मिनिटांचा. साठ गुणिले दोन, एका तासात एकशेवीस मिनिटांचं बोलणं. याला आमच्या भाषेत दोन अर्लांग म्हणतात.

अर्लांग हे माणसाचं नाव. आग्नर अर्लांग, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला गणिती. किती लाइनींवर किती बोलणं आलं तर शंभरातल्या किती जणांना एंगेज लागेल, याचं सूत्र त्यानं १९१७मध्ये दिलं आणि आजही ते चालतं. दोन अर्लांग सहा लाइनींवर घातले तर शंभरातल्या जेमतेम एकाला एंगेज. तेच दोन अर्लांग तीन लाइनींवर घातले तर एकवीस जणांना. लाइनी निम्म्या झाल्या आणि परत फिरणारी माणसं सतरा पटीनं वाढली. शिवाय सूत्र असं धरून चालतं की एंगेज लागलेला माणूस गप घरी बसतो. ऊस वाळत असलेला माणूस गप बसत नाही, तो दर अर्ध्या मिनिटाला रिडायल करतो. आणि त्या पोरानं मारलेल्या रेघा लागलेल्या फोनांच्या होत्या. न लागलेल्यांची रेघ कोण मारणार?

हे गणित खरेदी कमिटीपुढे मांडलं. त्यांना अर्लांग पटला नाही, एकवीस पटले. त्यातून सिमकार्डाचे दोन डबे मंजूर झाले. हा डबा मोबाइलच्या सिमला साध्या लाइनीसारखं बोर्डाच्या ट्रंकला जोडतो. पायलट नंबराच्या रांगेत त्याला बसवता येत नाही, नंबरच वेगळा. म्हणून ते दोन्ही नंबर शेतकऱ्यांसाठी ठेवले आणि डिसात न घालता थेट शेती खात्यात वाजवले. शेतकऱ्याला आधी मशीनशी बोलायला लावू नये, असं माझंच मत.

ते मत झालं ते डिसाच्या पहिल्याच दिवशी. निरोप टाइम ऑफिसातल्या एका मुलीच्या आवाजात रेकॉर्ड केला होता, बाईंनी सांगितल्याप्रमाणे आधी खातं आणि मग आकडा. मी लाइनीवर कान लावून बसलो. पहिलाच फोन. निरोप सुरू झाला: "नमस्कार, शेती खात्यासाठी..." आणि पलीकडून, "हां ताई, शेती खात्यालाच द्या. नोंद सापडंना झालीय. आठ-अ घिऊन आलतो परवा..." ताई आपली पुढे हिशेब खातं, स्टोअर, डिस्टिलरी करत गेली. पलीकडचा माणूस मध्ये थांबला, तिला बोलू दिलं आणि तिचं झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. आकडा दाबलाच नाही. वेळ संपल्यावर बोर्डानं फोन ऑपरेटरकडे दिला. ऑपरेटर म्हणजे २०१, आणि २०१ वर मी. मी म्हटलं, "बोला." तो म्हणाला, "मघाची ताई बरी हुती की हो. गप ऐकून घेत हुती."

चौथ्या दिवशी शेती खात्यातून तक्रार. तिथल्या तीन टेबलांचा क्रम त्यांनी मला लिहून दिला होता: आधी नवा क्लार्क, मग सीनियर, मग अधिकारी. मी तसाच भरला. हंटिंग दोन प्रकारचं असतं. एकात प्रत्येक नवा फोन पहिल्या टेबलापासून सुरू होतो, दुसऱ्यात आधीचा जिथं थांबला त्याच्या पुढून. मी पहिलं लावलं होतं. दिलेल्या क्रमाला तेच धरून होतं. त्यामुळे नवा पोरगा दिवसभर फोनवर, सीनियरकडे अधूनमधून, आणि अधिकाऱ्यांकडे दिवसाला एखादा चुकार. तक्रार मात्र त्या पोरानं केली नव्हती. सीनियरनं केली होती, कारण पोराचं रजिस्टर तुंबलं आणि ते त्याच्याकडे आलं. मी कुणाला न विचारता हंटिंग फिरतं केलं. एका लांब बीपचं काम. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांचा फोन आला, "अहो, माझ्याकडं फोन वाढलेत. बोर्ड परत बिघडला काय?" मी म्हटलं, "बघतो." अजून बघतोय.

दसऱ्यानंतर बॉयलर पेटला, गव्हाणीत मोळी पडली, हंगाम सुरू झाला. या खेपेला सगळं सेटिंग दोन कागदांवर लिहून एक बाईंच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवला, एक माझ्याकडे. लाइन, वेळ, एक्स्टेंशन. खाली थोडी जागा उरली होती. तिथं मिल हाउस, सायकल, दहा मिनिटांनी पुन्हा लावा, असं लिहिलं आणि ते बोर्डाचं सेटिंग नव्हे म्हणून पेन्सिलनं लिहिलं.

डिसेंबरात एका रात्री पावणेबाराला मी घरून कारखान्याचा नंबर लावला. रात्रीचा मोड वेळेवर पडतोय का बघायचं होतं. दोन घंटांत फोन उचलला गेला. मागे ट्रॅक्टरांचा आवाज, कुणीतरी मोठ्यानं गाणं लावलेलं.

"मेन गेट. बोला."

मी आवाज बदलून म्हटलं, "मिल हाउसला फिटरशी काम होतं."

"तिथं ऐकू येत न्हाई. नाव सांगा, सायकलवरनं पोरगं लावून देतो. दहा मिंटांनी परत करा." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "घरचं काय हाय का? वाईट काय न्हाई न्हवं?"

"नाही नाही. मी बोर्डवाला बोलतोय, टेस्टिंग करत होतो."

"मग ठेवा की," तो म्हणाला. "लाइन मोकळी पायजे."